पोरांच्या नावावर उचल कोण घेतो?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांना, त्यांच्या पाळकांना, फादरांना आणि पंचमंडळांना आमचा एकच सवाल आहे आणि तो आम्ही आडपडदा न ठेवता विचारणार आहोत. तुमच्या उपासनेला येणारा सतरा वर्षांचा पोरगा कबड्डीत नाव काढतो. कुणी तरी गाडीतून येतो, त्याच्यापुढे जाहिरातीचा करारनामा ठेवतो आणि हातात पेन देतो. त्या घटकेला तुम्ही कुठे असता? चषक आला तेव्हा तुम्ही हजर होता. शाल तुम्ही घातलीत, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना तुम्ही केलीत, मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर फोटो तुम्ही टाकलात. सहीच्या वेळी मात्र त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी असते. ती रिकामी खुर्ची हे आपल्या समाजाचे पाप आहे. त्याला दुसरे नाव देण्याची आमची तयारी नाही.

आमची मंडळी ती केवढी, मूठभर घरे, आम्ही काय करणार, हे उत्तर आता पुरे. माथेरानच्या डोंगरावर इंग्रजी अमदानीत चर्च उभी राहिली. खाली कर्जतला, खोपोलीला, रसायनीच्या बाजूला आजही माणसे दर रविवारी प्रार्थनेला जमतात. संख्या थोडी आहे हे खरे. पण करारनामा वाचायला हजार माणसे लागत नाहीत. दोन डोळे लागतात, थोडी अक्कल लागते आणि पोराच्या बाजूने बोलण्याची छाती लागते. यातले काय कमी पडते आहे, ते ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

दिवाळी सरते, भात झोडून होते आणि नेरळपासून कशेळ्यापर्यंत, चौकपासून खोपोलीपर्यंत रिकाम्या खाचरांची मैदाने होतात. बांध सपाट करतात, पाणी मारतात, रोलर फिरवून माती बसवतात. रात्री दिवे पेटतात आणि समालोचकाचा आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत येतो : "या चढाईला अमुक शेठतर्फे पाचशे रुपये!" पोरगा दम घुमवत मध्यरेषा ओलांडतो, कोपऱ्याला हूल देतो, दोन गडी मारून परततो आणि त्याच्या मुठीत नोट पडते. त्याच्या अंगावरचा टी-शर्ट जवळ जाऊन पाहा. पाठीवर फार्महाऊसचे प्लॉट विकणाऱ्याचे नाव. छातीवर पुढाऱ्याचा हसरा फोटो. बाहीवर कुठल्याशा अॅपचे चिन्ह. आणि ज्याच्या ढोपराची कातडी निघाली आहे त्या पोराचे स्वतःचे नाव शोधायला डोळे ताणावे लागतात. जागा उरली तर ते खाली कंबरेशी असते. टेनिस क्रिकेटच्या मैदानावरही हेच. चषक पुढाऱ्याच्या नावाचा, दुचाकी मालिकावीराला, सामना यूट्यूबवर थेट आणि सीमारेषेभोवती फलकांची भिंत.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि मातीत खेळणाऱ्या पोरांना कळले की या अंगाला भाव आहे. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात टेनिस चेंडूची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग झाली आणि खाचरात षटकार मारणाऱ्यालाही तेच स्वप्न पडू लागले. आगरी, कुणबी, ठाकर, कातकरी घरांतली ही मुले आहेत. त्यांच्यात आपली ख्रिस्ती मुलेही आहेत. बापाने आयुष्यभरात एकगठ्ठा पाहिली नाही एवढी रक्कम एका सहीत मिळते, असे त्यांना सांगितले जाते.

पैसा आला याचे आम्हाला वाईट वाटत नाही. मुळीच नाही. खेळाडूने गरीब राहावे, पोटाला चिमटा घेऊन देशासाठी खेळावे, असा उपदेश पोट भरलेलीच माणसे करतात. येशू सुताराच्या घरात वाढला. घामाच्या मजुरीला त्याने कधी नाक मुरडले नाही. पिकाची कापणी करणाऱ्यांची मजुरी अडवून ठेवणाऱ्या जमीनदारांना याकोबाने आपल्या पत्रात जे सुनावले आहे, ते आजच्या प्रायोजकांनाही वाचून दाखवण्याजोगे आहे. खेळाडूच्या चेहऱ्याने माल खपत असेल, तर खेळाडूला त्याचा पुरता मोबदला मिळालाच पाहिजे. आमचे भांडण पैशाशी नाही. पैसा कोणत्या अटीवर येतो, कशासाठी येतो आणि कोणाच्या खिशात जातो, याच्याशी आहे.

उचल म्हणजे काय हे या मातीला समजावून सांगायला नको. पाऊस ओसरला की वीटभट्टीवाल्याचा माणूस कातकरीवाडीवर येतो आणि हातावर पैसे ठेवतो. पावसाळ्यातली उपासमार, एखादे आजारपण, एखादे लग्न यांत ते पैसे मुठीतून निसटतात. मग सगळे बिऱ्हाड भट्टीवर जाते. पहाटेच्या काळोखात चिखल तुडवायचा, विटा पाडायच्या, पोरांनी त्या उलटायच्या. शाळा सुटते ती सुटतेच. हंगाम संपताना शेठ वही उघडतो आणि वहीत उचल फिटलेली नसते. उरलेली बाकी पुढच्या हंगामाच्या गळ्यात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने गेली, असे कागद सांगतो. भट्टीवरचे बिऱ्हाड वेगळे सांगते.

आता जाहिरातीचा करारनामा वाचा. आधी आगाऊ रक्कम. मग अट की या मुदतीत दुसऱ्या कोणाचीही जाहिरात करायची नाही. म्हणजे उद्या चांगला, स्वच्छ प्रायोजक दारात आला तरी पोराने दार लावून घ्यायचे. मग अट की मुदत संपल्यावर करार आपोआप पुढे चालू राहील. थांबवायचा असेल तर इतके दिवस आधी लेखी कळवायचे, आणि हे कळवायचे असते हेच पोराला ठाऊक नसते. मग त्याचा चेहरा, आवाज, नाव, सही कुठेही, कितीही काळ वापरण्याचा हक्क. मग दंड : कार्यक्रमाला आला नाही, व्हिडिओ टाकला नाही, तर आगाऊ रक्कम वर काही घालून परत. मग कुठे तरी खाली बारीक अक्षरांत दुखापतीचे कलम. खेळणे बंद झाले तर कंपनी त्याच दिवशी मोकळी. आणि शेवटी, वाद झाला तर निवाडा दिल्लीला नाही तर गुरुग्रामला. कर्जतहून सकाळची लोकल पकडून जिथे पोहोचता येत नाही, तिथे या पोराने न्याय मागायचा! सगळे इंग्रजीत. भट्टीवाल्याच्या वहीत आणि या कागदात फरक काय राहिला? वहीतला अंगठा निदान मराठी आकड्यांखाली होता.

कबड्डी गुडघे खाते. लिगामेंट तुटले की शस्त्रक्रिया, मग महिनोन्महिने व्यायाम आणि तरीही पूर्वीचा वेग परत येईल याची खात्री नाही. त्या दिवशी प्रायोजकाचा फोन बंद होतो, मंडळाचा अध्यक्ष नवा चढाईपटू शोधायला निघतो आणि पोरगा भिंतीला धरून उभा राहतो. हाती काय असते? घरी दारात उभी दुचाकी आणि बापाने भरायचे तिच्या विम्याचे हप्ते. आधी कोणी दोन शब्द सांगितले असते तर कागदात दवाखान्याच्या खर्चाची एक ओळ घालून घेता आली असती, पण सांगणारा कोणी नव्हता.

कायदा या बाबतीत आंधळा नाही. १८७२ च्या करार कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाला करार करण्याची पात्रताच दिलेली नाही. मोहरी बीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये स्पष्ट केले की अज्ञान म्हणजे अल्पवयीन मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल. म्हणजे सतराव्या वर्षी पोराकडून घेतलेली ती सही पोराला बांधण्याच्या कामाची नाही. पोराला घाबरवण्याच्या कामाची आहे. म्हणूनच हुशार माणूस बापाची सही घेतो. आणि बाप सही करतो, कारण समोरच्याने चहा पाजलेला असतो, मंडळाच्या अध्यक्षाने खांद्यावर हात ठेवलेला असतो आणि नोटांचे बंडल टेबलावर दिसत असते. पुढची गोष्टही ऐकून ठेवा. अज्ञान मुलाचे बाकीचे उत्पन्न आईबापांच्या उत्पन्नात धरले जाते, पण त्याने स्वतःच्या कौशल्याने, अंगच्या गुणाने कमावलेले उत्पन्न प्राप्तिकराच्या कायद्यात त्याचे स्वतःचेच धरतात. दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेत स्वतःच्या नावाचे बचत खाते स्वतः चालवता येते. कायदा म्हणतो पैसा पोराचा. मग तो बापाच्या, चुलत्याच्या, प्रशिक्षकाच्या खात्यात का जातो? घराचा स्लॅब त्या पैशात पडतो, बहिणीचे लग्न त्यात होते, प्रशिक्षक आपला वाटा गुरुदक्षिणा म्हणून आधीच कापून घेतो. घरासाठी पोराने खर्च करणे वाईट नाही. पुष्कळ पोरे ते आनंदाने करतात. पण त्याला न विचारता, त्याला हिशेब न दाखवता केलेला खर्च म्हणजे पोराच्या घामाची चोरी. ती आईबापांनी केली म्हणून पवित्र होत नाही.

आता त्या बाहीवरच्या अॅपकडे वळू या. आमचा सगळ्यात मोठा संताप तिथे आहे.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. त्यात जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. त्यानंतर काही दिवसांतच भारतीय क्रिकेट संघाच्या अंगावरचे ड्रीम ११ हे नाव उतरले. एवढा मोठा प्रायोजक एवढ्या मोठ्या मंडळापासून दूर झाला; खाचरातल्या पोराच्या बाहीवर मात्र परदेशातून चालणाऱ्या सट्ट्याचे चिन्ह येतच राहते. कधी ते खेळांच्या बातम्यांचे संकेतस्थळ असल्याचा आव आणते, कधी टी-शर्टच्या कंपनीचा. सट्ट्याच्या अशा आडमार्गी जाहिरातींबद्दल माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने २०२२ मध्येच बजावले होते. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, म्हणून तो वेलचीच्या नावाने येतो. दारू सोड्याच्या बाटलीतून येते. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा हा धंदा आहे, आणि भांडे लपवायला त्यांना आपल्या पोराची पाठ हवी आहे.

आपण काय विकतो आहोत ते त्या पोराला कोणी सांगितले का? त्याचा चेहरा पाहून आठवीतला मुलगा आईच्या मोबाइलवर ते अॅप उतरवतो. आईच्या बचत गटाचे पैसे त्या खात्यात असतात. पहिल्या दिवशी शंभराचे दोनशे होतात, कारण ते व्हायचेच असतात. आठवडाभरात खाते रिकामे होते. सट्ट्याच्या कर्जाने घरे कशी बसतात आणि तरणीताठी माणसे जिवावर कशी उदार होतात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेले बरे, असे येशूने म्हटल्याचे आपण सगळे वाचतो. इतके कठोर शब्द तो क्वचितच बोलला. रविवारी हे वाचायचे आणि सोमवारी सट्ट्याचा टी-शर्ट घातलेल्या पोराचा सत्कार करायचा, हे यापुढे चालणार नाही. आणि दोष त्या पोराच्या माथी मारून हात झटकणाऱ्यांना आम्ही आधी धरू. त्याला तळी कोणती आणि पदक कोणते हे दाखवणे तुमचे काम होते.

प्लॉटवाल्यांचीही गय नको. कर्जतच्या चार फाट्यावर, खोपोलीच्या शिळफाट्यावर, जुन्या महामार्गावर चौकपर्यंत फलकच फलक आहेत : डोंगराच्या कुशीत स्वप्नातले घर. महारेराचा नोंदणी क्रमांक फलकावर छापणे बंधनकारक आहे. तो आहे का ते पाहा. शेतजमिनीचे गुंठे पाडून विकलेले आहेत का ते पाहा. आदिवासीची जमीन परवानगीविना बिगर-आदिवासीच्या नावावर चढवता येत नाही. त्या डोंगराच्या कुशीत कोणाचा सातबारा दडपला आहे ते पाहा. ज्या ठाकर पोराच्या फोटोने प्लॉट खपतो, त्याच्याच चुलत्याची वरकस जमीन त्या प्लॉटांत गेलेली असू शकते. फसवी जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केले तर पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वर्षभर, पुढे तीन वर्षांपर्यंत, कोणतीच जाहिरात करता येणार नाही अशी बंदीही येऊ शकते. 'मी नीट चौकशी केली होती' हाच त्या माणसाचा बचाव. विचारा त्या पोराला, त्याने चौकशी कोणाकडे केली होती.

नकार देता येतो. देणारे याच देशात झाले आहेत, बाहेरही झाले आहेत. सचिन तेंडुलकरने तंबाखूची जाहिरात करणार नाही असा शब्द वडिलांना दिला आणि तो पाळला. पुलेला गोपीचंदने २००१ मध्ये ऑल इंग्लंड जिंकल्यावर शीतपेयाची जाहिरात नाकारली, आणि त्या वेळी तो काही कोट्यधीश नव्हता. दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम अमलाने संघाच्या कपड्यांवरचे दारूच्या कंपनीचे चिन्ह आपल्या अंगावर येऊ दिले नाही. तो मुसलमान, गोपीचंद हिंदू. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनी या उदाहरणांपुढे आधी मान खाली घालावी आणि मग आपल्या घरातली माणसे आठवावीत.

कारण आपल्या घरातही माणसे आहेत. सांगलीच्या मराठी ख्रिस्ती घरातले विजय सॅम्युएल हजारे. १९४३ च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्रेबॉर्नवर 'रेस्ट' संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्या हजाऱ्यांच्या ३०९. भाऊ विवेक एका टोकाला बॅट रोवून उभा आणि दुसऱ्या टोकाला हा माणूस शांतपणे धावा जोडतो आहे. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधार हजारेच. पुण्याचे चंदू बोर्डेही मराठी ख्रिस्तीच. त्या पिढीला जाहिरातीचे पैसे कसले? हजारे संस्थानिकांच्या आश्रयाने खेळले. बडोद्याचा गायकवाड हा ओळखीचा, नावागावाचा धनी होता. आजच्या पोराचा धनी कोण आहे हे त्यालाच माहीत नाही. त्याला पैसा पाठवणारी कंपनी कोणत्या देशात नोंदलेली आहे हे त्याच्या गावचा तलाठीही सांगू शकणार नाही. हजाऱ्यांच्या नावाची राष्ट्रीय स्पर्धा आपण दरवर्षी पाहतो, पण त्यांच्या नावाने एकाही मंडळीने खेळाडू मुलांसाठी चार पानांची पुस्तिका काढलेली आमच्या पाहण्यात नाही.

अमेरिकेची धावपटू अॅलिसन फेलिक्स पाळकाची मुलगी. बाळंतपणाच्या सुमारास नाइकी कंपनीने तिला पूर्वीपेक्षा सत्तर टक्के कमी पैसे देऊ केले. ती गप्प बसली नाही. मे २०१९ मध्ये तिने वर्तमानपत्रात उघड लिहिले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीला बाळंतिणींबद्दलचे आपले धोरण बदलावे लागले. २०२१ मध्ये टोकियोला ती स्वतःच्या कंपनीचे बूट घालून धावली. आपल्या कबड्डी खेळणाऱ्या मुलींना हे सांगितले पाहिजे. त्यांच्याकडे गोरेपणाची क्रीम घेऊन येणारे आहेत, आईला बाहेर बसवून फोटो काढू म्हणणारे आहेत. अशा माणसाला दारातूनच परत पाठवायचे. त्याला नावाजलेल्या कंपनीचे ओळखपत्र असले तरी.

आपल्या मंडळ्यांत एरिक लिडलचे उदाहरण फार आवडते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी धावायचे नाही म्हणून त्याने शंभर मीटरची शर्यत सोडली आणि चारशे मीटरचे सुवर्ण जिंकले. फार मोठा माणूस; पुढच्याच वर्षी तो चीनमध्ये सेवेला निघून गेला. पण या उदाहरणाचा वापर आपण कसा करतो? पोराने रविवारचा अंतिम सामना सोडला की व्यासपीठावरून टाळ्या, आणि खेळला की कानउघाडणी. सोमवार ते शनिवार त्याच्या छातीवर काय छापलेले आहे याची विचारपूस नाही. एका दिवसाच्या पाळणुकीवर सगळे शील टांगून आपण मोकळे होतो. सट्टेबाजाला याहून सोयीची मंडळी सापडणार नाही.

याहून जिव्हारी लागणारे एक सत्य आहे आणि ते आम्ही लपवणार नाही. खेळाडूच्या चेहऱ्याचा हव्यास आपल्यालाही आहे. युवक मेळाव्याच्या फलकावर त्याचा फोटो हवा. व्यासपीठावर त्याची साक्ष हवी, तीही लांबलचक, डोळ्यांत पाणी आणणारी. पहिला धनादेश आला की दशमांशाची आठवण त्याला त्याच संध्याकाळी हवी. एकोणीस वर्षांच्या पोराचा विश्वास अजून कोवळा असतो. त्याला तुम्ही हजार माणसांपुढे उभे करता आणि उद्या तो चुकला की त्याच फलकावरून पुसता. हीदेखील जाहिरातच आहे आणि तिचा करारही कोणी लिहिलेला नाही. पाळकांनी आधी करार वाचावा, दशमांशाचे नंतर बोलावे. पोराला द्यायचे असेल तर तो देईल. इंग्लंडचा कसोटीपटू सी. टी. स्टडने आपला वारसा वाटून टाकला, त्यातली रक्कम हिंदुस्थानातल्या मुक्तिफौजेच्या कामापर्यंत आली. पण स्टडला कोणी पावतीपुस्तक घेऊन गाठले नव्हते. आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या पगाराचा त्याग केला, आणि मग त्यांच्या वाणीवर कोणा देणाऱ्याचा हक्क उरला नाही. त्यांचे नाव घेणाऱ्या मंडळ्यांनी खेळाडूच्या वाणीवर हक्क सांगू नये.

मदत करताना धर्म विचारू नका. शेजारच्या वाडीतला ठाकर पोर, कातकरी पोर, आगरी पोर कागद घेऊन तुमच्या दारात आला तर तो तुमच्या पोराइतक्याच काळजीने वाचा आणि बदल्यात त्याच्याकडून प्रार्थनेची हजेरी मागू नका. मागाल तर तुमच्यात आणि उचल देणाऱ्या मुकादमात काडीचा फरक उरणार नाही, आणि मग तुमच्यावर येणाऱ्या आरोपांना आम्ही उत्तर देणार नाही.

कर्जत तालुक्याने सावकारीला दिलेले उत्तर आठवा. माथेरानच्या भाई कोतवालांनी सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला हिराजी पाटलांसोबत प्राण दिले, हे शाळकरी पोरालाही माहीत असते. त्याआधी त्यांनी काय केले हे आपण विसरतो. त्यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी धान्याचे कोठार काढले, शाळा काढल्या, कारण अडीअडचणीला पोटाला धान्य आणि डोक्याला अक्षर असेल तरच माणूस सावकाराच्या वहीला नाही म्हणू शकतो, हे त्या वकिलाने ओळखले होते. खेळाडूच्या नकारालाही असेच कोठार लागते. बूट घ्यायला, प्रवासाला, गुडघ्याच्या डॉक्टरला पैसे नसलेल्या पोराला "सट्ट्याचे पैसे घेऊ नको" सांगणे हा कोरडा उपदेश झाला. मंडळीने वर्षाच्या अर्पणातला काही भाग खेळाडू मुलांसाठी वेगळा काढावा आणि त्याचा हिशेब दारावर लावावा. हे जमत नसेल तर नाताळच्या रोषणाईतून कापा.

कागद वाचायचा तर माणसे हवीत आणि ती आहेत. प्रत्येक मंडळीत बँकेतून निवृत्त झालेला कोणी असतो, न्यायालयात काम केलेला असतो, इंग्रजी शिकवणारी बाई असते. त्यांच्यापुढे अडले तर तालुका विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या कायद्याने मुलांना, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना तिथे वकिलाचा सल्ला फुकट मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. कर्जतला न्यायालय आहे, खालापूरला आहे. गुरुग्रामला जाण्यापूर्वी तिथवर जाता येते.

आणि खेळाडू पोरांनो, पोरींनो, तुमच्याशीही बोलायचे आहे. पैसे घ्या, ताठ मानेने घ्या. पण त्याच बैठकीत सही करू नका. "घरी वाचून सांगतो" एवढे म्हणा. जो प्रायोजक एक रात्र थांबायला तयार नाही, त्याच्याकडे लपवण्यासारखे काही तरी नक्की आहे. कागद मराठीत मागा. पैसा स्वतःच्या खात्यात मागा. दुखापतीचे कलम वाचल्याशिवाय पान उलटू नका. जो माल तुम्ही आपल्या धाकट्या भावाच्या हातात देणार नाही, त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढू नका. पौलाने करिंथच्या मंडळीला धावपटूचा दाखला दिला तो संयमासाठी दिला. तुम्ही रोज पहाटे उठून, जिभेला लगाम घालून, अंग झिजवून तो संयम पाळता आहात. व्यासपीठावरून संयम शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांपेक्षा तुम्हाला तो अधिक कळतो. करारापुढे बसल्यावरही तो सोडू नका.

यंदा भात झोडून झाल्यावर पहिले मैदान आखले जाईल, त्याआधी कर्जत आणि खालापूरच्या प्रत्येक पंचमंडळाने तीन ओळींचा ठराव करावा : आमच्या आवारात, आमच्या मेळाव्यात, आमच्या सत्कारात सट्टा, दारू आणि तंबाखू यांच्या पैशाने छापलेला कपडा चालणार नाही, खेळाडूचा करार वाचायला अमुक दोन माणसे नेमली आहेत आणि त्यांचे फोन क्रमांक हे, या कामाचे शुल्क नाही आणि जातधर्म विचारला जाणार नाही. ठराव चर्चच्या फाटकावर लावा, चार फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर लावा, मैदानावर समालोचकाच्या हातात द्या आणि पाचशेच्या नोटेची घोषणा झाल्यावर तोही वाचून दाखवायला सांगा. ज्या मंडळीला एवढेही जमणार नाही, तिने पुढच्या विजेत्याच्या घरी शाल घेऊन जाऊ नये.